दुर्बिणीतून मेंदू आणि मणका : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मेंदूच्या आणि मणक्यांच्या ज्या शस्त्रक्रिया आता लहान छेदातून होतात, त्यांविषयी प्रश्न पाठवावेत असे आवाहन मागील अंकात केले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली आणि त्यांतील बहुतेक यवतमाळ, चंद्रपूर, वाशीम आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील खेड्यांतून आली. जवळपास प्रत्येक पत्रात टाके किती पडतात, हे विचारले आहे. शस्त्रक्रिया नेमकी कशासाठी करायची, हे मात्र मोजक्याच जणांनी विचारले, म्हणून उत्तरे देताना मी त्या न विचारलेल्या प्रश्नावर अधिक रेंगाळलो आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून नावे छापलेली नाहीत. पत्रावरून निदान करता येत नाही, ही मर्यादा वाचकांनी लक्षात ठेवावी.

प्रश्न : माझे वय ४२ वर्षे असून दारव्हा तालुक्यात आठ एकर कोरडवाहू शेती आहे. पऱ्हाटीवर फवारणी करून पाठीवरचा पंप उतरवताना कमरेत उसण भरली आणि चार दिवसांनी डाव्या कुल्ह्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत करंट गेल्यासारखी कळ सुरू झाली. आज पाच आठवडे झाले. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधील गादी सरकून नस दबली आहे, असे एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिले आहे. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून, एका टाक्यात, लगेच ऑपरेशन करून घ्या असे सांगितले. दुसऱ्यांनी थांबायला सांगितले. मणक्याचे ऑपरेशन झालेला माणूस पुन्हा उभा राहत नाही, असे गावात सगळे म्हणतात. वेचणी तोंडावर आली आहे. मी काय करावे?

उत्तर : आपण कळेचे वर्णन नेमके केले आहे, पण पायाच्या ताकदीविषयी काहीच लिहिलेले नाही, आणि निर्णय तिथेच अडलेला आहे. आज घरी एक गोष्ट करून पाहा. भिंतीजवळ उभे राहून दोन्ही पायांच्या टाचांवर दहा पावले चाला. डावा पंजा वर उचलला जात नसेल, किंवा चालताना डाव्या पायातली स्लीपर निसटून मागे राहते आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही असे होत असेल, तर नस केवळ दुखत नाही, ती निकामी होऊ लागली आहे. अशा वेळी थांबण्याचा सल्ला लागू होत नाही. त्याहून गंभीर लक्षण म्हणजे लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचाचा ताबा जाणे, आणि बसल्यावर जो भाग जमिनीला टेकतो तिथली जाणीव बधिर होणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची बस पाहत बसू नये. त्याच रात्री न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात पोहोचावे, कारण अशा रुग्णाची नस पहिल्या ४८ तासांच्या आत मोकळी केली तर लघवीवरचा ताबा परत येण्याची शक्यता अधिक असते.

यांपैकी काही नसेल आणि तक्रार केवळ कळेची असेल, तर दोन्ही डॉक्टर आपापल्या परीने बरोबर आहेत. दोन मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेरून चिवट कडे आणि आत मऊ गर. कड्याला चीर पडून गर बाहेर आला की तो शेजारून जाणाऱ्या नसेवर दाबतो आणि तिला सूजही आणतो. हा बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते, त्यामुळे बहुतेक रुग्णांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून ओसरते. नेदरलँड्समध्ये अशा २८३ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे तीव्र कळ सोसलेल्या या रुग्णांपैकी अर्ध्यांना लवकर शस्त्रक्रिया देऊ केली आणि उरलेल्यांना औषधे व व्यायामावर ठेवले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर मिळाला, पण वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच बरे होते. औषधांवर ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना मात्र पुढे कळ सोसवेना म्हणून शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. आपले पाच आठवडे झाले आहेत. रात्री झोप लागत असेल आणि कळ दर आठवड्याला थोडी थोडी कमी होत असेल, तर आणखी महिनाभर थांबण्यात धोका नाही. कळ तशीच असेल, झोप उडाली असेल, गोळ्यांनी पोट बिघडले असेल, तर शस्त्रक्रिया मागण्यात कमीपणा नाही.

आता दुर्बिणीविषयी. सरकलेल्या गादीमुळे पायात कळ येते आणि ती शस्त्रक्रियेने काढता येते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. त्या काळी पाठीवर मोठा छेद घेऊन स्नायू हाडापासून खरवडून बाजूला करावे लागत. १९७७ मध्ये झुरिकचे याशार्गिल आणि जर्मनीचे कास्पार यांनी, स्वतंत्रपणे, सूक्ष्मदर्शकाखाली तीच शस्त्रक्रिया जवळपास इंचभर छेदातून केल्याचे प्रसिद्ध केले, आणि १९९७ मध्ये स्नायू न कापता एकात एक बसणाऱ्या नळ्यांनी तो हळूहळू फाकवत नेण्याची पद्धत आली. आज आम्ही वापरतो ती नळी साधारण पावणेदोन ते दोन सेंटिमीटर रुंद असते. पूर्ण एंडोस्कोपच्या (दुर्बिणीच्या) पद्धतीत ती आठ मिलिमीटरच्या आसपास असते आणि काही रुग्णांमध्ये नुसती जागा बधिर करून, रुग्ण जागा असतानाच काम करता येते. नळीच्या तळाशी हाडाचा थोडा भाग घासला की पिवळसर, जाड पडदा दिसतो. तो उघडला की तुरीच्या कोवळ्या काडीएवढी, पांढरट, ओली नस दिसते, आणि ती हलकेच बाजूला घेतली की तिच्याखाली अडकलेला गर. पावसाळ्यात बांधावर सापडणाऱ्या खेकड्याचे मांस जसे पांढरे आणि तंतुमय असते, तसा तो तुकडा दिसतो. तो चिमट्यात आला की दबलेली नस श्वासाबरोबर हलकीशी वर-खाली होऊ लागते. पंचवीस वर्षे पाहूनही ते पाहताना मला अजून बरे वाटते.

पण याच ठिकाणी थोडे सावध करतो. नेदरलँड्समध्येच ३२८ रुग्णांवर नळीची पद्धत आणि सूक्ष्मदर्शकाची नेहमीची लहान छेदाची पद्धत यांची तुलना झाली, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नळीवाले रुग्ण वर्षभरानंतर अधिक बरे झाल्याचे दिसले नाही. उलट पायाच्या आणि कमरेच्या दुखण्यात ते किंचित मागेच होते. म्हणजे एक टाका की तीन टाके, यावर जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. जो सर्जन ज्या पद्धतीने नेहमी काम करतो, त्याच पद्धतीने त्याला ते करू द्यावे. आपल्या दुसऱ्या डॉक्टरांना दुर्बीण येत नसेल म्हणून ते थांबा म्हणत असतील, अशी शंका मनात आणू नये.

गावातील भीतीचे कारण मला ठाऊक आहे. पूर्वी उशिरा, पाय आधीच गेलेले असताना शस्त्रक्रिया होत आणि दोष शस्त्रक्रियेच्या माथी जाई. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. आपली गादी त्याच्या बरीच खाली आहे, आणि तिथे केवळ सुट्या नसांचा जुडगा असतो. नसेला इजा, आवरण फाटून पाणी झिरपणे, जंतुसंसर्ग हे धोके आहेत, पण दोन्ही पाय कायमचे जाणे या जागी अत्यंत विरळ आहे. गर पुन्हा बाहेर येण्याचे प्रमाण शंभरात पाच ते दहा असे धरावे. एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर निराशा होणार नाही : ही शस्त्रक्रिया पायातल्या कळेसाठी आहे. कमरेचे जुने दुखणे तिने जाईलच असे नाही. नुसती कंबर दुखते आणि एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते एवढ्यावरून कोणी शस्त्रक्रिया सुचवत असेल, तर दुसरे मत घ्या. पन्नाशीतल्या, कंबर कधीच न दुखलेल्या लोकांचा एमआरआय काढला तरी सुमारे ६० टक्क्यांमध्ये गादी फुगलेली दिसते.

शस्त्रक्रिया झालीच तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालता येते आणि एक-दोन दिवसांत घरी जाता येते. सहा आठवडे वाकून उचलणे, जमिनीवर मांडी घालून बसणे आणि गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर मोटारसायकलच्या मागे बसणे टाळावे. शौचासाठी खुर्चीची सोय करून घ्यावी. १६ लिटरचा भरलेला पंप म्हणजे पाण्याचेच १६ किलो, शिवाय पंपाचे वजन. तीन महिने तो पाठीवर घेऊ नये, आणि नंतरही आधी अर्धा भरूनच सुरुवात करावी. या वर्षीची वेचणी दुसऱ्यांच्या हातानेच व्हायची, हे धरून चला. शेवटची विनंती : तोपर्यंत कमरेवर बिब्बा घालू नका. बिब्ब्याने भाजलेल्या, फोड आलेल्या कातडीतून छेद घेता येत नाही, आणि केवळ त्यामुळे शस्त्रक्रिया तीन-तीन आठवडे पुढे ढकलल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : लेझरने गादी जाळतात आणि टाकाच पडत नाही, अशी जाहिरात पाहिली. ती पद्धत अधिक चांगली आहे का? (वाशीम)

उत्तर : सुईतून लेझर घालून गादीतला थोडा गर जाळण्याची पद्धत अस्तित्वात आहे, पण ती फक्त कडे न फुटलेल्या, किंचित फुगलेल्या गाद्यांसाठी आहे, आणि तशा गाद्या बहुधा काही न करताच शांत होतात. बाहेर निसटलेला तुकडा सुईतल्या लेझरने निघत नाही. अनेक ठिकाणी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेलाच ‘लेझर’ म्हणून विकले जाते; विचारल्यावर स्पष्ट उत्तर मिळाले नाही तर तिथून उठून यावे.

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. पोळ्याच्या दिवशी बैल धुताना नाल्यावर घसरून पडले आणि डोके दगडावर आपटले. तेव्हा रक्त आले नाही, म्हणून दवाखान्यात नेले नाही. दीड महिन्यानंतर ते दिवसभर झोपू लागले, बोलणे असंबद्ध झाले, उजवा हात उचलेना. घरातील मोठ्यांनी हे वयाचे आहे म्हटले, काहींनी बाहेरचे आहे म्हटले. शेवटी सीटी स्कॅन केला तर मेंदूवर रक्त साचल्याचे निघाले. डोक्याला दोन छिद्रे पाडून ते काढतात, असे डॉक्टर म्हणतात. या वयात हे सोसेल का? गोळ्यांनी जाणार नाही का? (आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : आपण सीटी स्कॅन करून घेतला, याबद्दल आपले मनापासून कौतुक करतो, कारण वृद्ध माणसाचे अचानक बदललेले वागणे वयावर ढकलून खाटेवर सोडून देण्याची पद्धत घरोघरी आहे.

वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो आणि मेंदूपासून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्याने त्यांपैकी एखादी झिरपू लागते. जागा रिकामी असल्याने सुरुवातीला काहीच कळत नाही. रक्त हळूहळू साचत जाते, पातळ होते, त्याभोवती पडदा तयार होतो आणि त्या पडद्यातून पुन्हा झिरपत राहते. म्हणून पडण्याचा प्रसंग घरच्यांच्या विस्मरणात गेल्यावर, तीन आठवड्यांपासून दोन-अडीच महिन्यांपर्यंत कधीही, लकव्यासारखी किंवा वेड लागल्यासारखी लक्षणे दिसतात. हात उचलत नसेल आणि गुंगी असेल, तर गोळ्यांवर अवलंबून राहणे योग्य नाही.

या शस्त्रक्रियेला दुर्बीणही लागत नाही, तरीही लहान छेदाच्या शस्त्रक्रियांमध्ये मी तिला सर्वांत वरचे स्थान देतो. कवटीला रुपयाच्या नाण्याहून लहान असे एक किंवा दोन छिद्र पाडले जाते. मेंदूवरचे जाड आवरण उघडताच ट्रॅक्टरमधून काढलेल्या जळक्या ऑइलसारखे काळपट पातळ रक्त दाबाने बाहेर येते. सलाइनने ती जागा स्वच्छ होईपर्यंत धुतात आणि एक मऊ नळी साधारण दोन दिवस ठेवतात. ही नळी ठेवल्याने रक्त पुन्हा साचण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, हे इंग्लंडमधील २००९ च्या अभ्यासात दिसले आहे. पूर्ण भूल झेपत नसेल तर जागा बधिर करूनही हे करता येते, त्यामुळे ७४ हे वय आड येत नाही. टेबलावर आणताना नाव न सांगणारा म्हातारा संध्याकाळी चहा मागतो, असे अनेकदा घडते. दहातील एखाद्या रुग्णात रक्त पुन्हा साचते आणि छिद्र पुन्हा उघडावे लागते, ही तयारी ठेवावी.

एक महत्त्वाची चौकशी करा. सासऱ्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू आहे का? असेल तर गोळीची पट्टीच डॉक्टरांना दाखवा, आणि ती कधी थांबवायची व पुन्हा कधी सुरू करायची, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. अलीकडे मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी नेऊन त्या पडद्याला रक्त पुरवणारी धमनी बंद करण्याचा उपायही काही रुग्णांत केला जातो, पण हात लुळा पडलेल्या रुग्णाला आधी छिद्राचीच गरज असते.

प्रश्न : माझे वय ३१ वर्षे आहे. आठ महिन्यांपासून पाळी बंद आहे, मूल नसताना अंगावर दूध येते आणि डोके दुखते. मेंदूच्या खाली दीड सेंटिमीटरची गाठ असल्याचे एमआरआयमध्ये निघाले. नाकातून दुर्बीण घालून ती काढतात, असे कळले. नाकातून मेंदूपर्यंत जाणे सुरक्षित आहे का? आम्हाला मूल हवे आहे. (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी रक्तातील प्रोलॅक्टिनची तपासणी झाली आहे का, हे पाहा. पत्रात तिचा उल्लेख नाही. आपण लिहिलेली तिन्ही लक्षणे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त बनवणाऱ्या गाठीत हमखास आढळतात, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथीच्या सर्व गाठींमध्ये हीच एक अशी आहे की जिचा पहिला उपचार शस्त्रक्रिया नसून गोळी आहे. कॅबरगोलिन ही गोळी आठवड्यातून एक-दोनदाच घ्यावी लागते. तिने गाठ बहुधा आकसते, पाळी परत येते आणि पुष्कळ स्त्रियांना पुढे दिवसही जातात. दीड सेंटिमीटरच्या गाठीसोबत प्रोलॅक्टिन २०० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) च्या पुढे असेल तर निदान जवळपास निश्चित मानतात. ते थोडेच वाढलेले असेल, तर मोठ्या गाठीचा दाब ग्रंथीच्या देठावर पडून तसे होत असावे, आणि मग नाकातील शस्त्रक्रियेचा विचार येतो. ही साधी रक्ततपासणी न करता नाकात दुर्बीण घालायला तयार होणारा सर्जन मला तरी पटणार नाही.

शस्त्रक्रिया लागलीच तर घाबरू नका. ही ग्रंथी वाटाण्याएवढी असून नाकाच्या मागील पोकळीच्या वर, हाडाच्या एका लहान खोबणीत बसलेली असते. कवटी उघडून वरून जाण्यापेक्षा नाकातून खालून जाणे जवळचे पडते, आणि हा मार्ग १९०७ पासून वापरात आहे. पूर्वी वरच्या ओठाखाली छेद घेऊन जात, आता चार मिलिमीटरची दुर्बीण नाकपुडीतून जाते. कान-नाक-घसातज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन दोघे मिळून काम करतात. चेहऱ्यावर एकही टाका नसतो, पण मांडीवर किंवा पोटावर लहानसा छेद असू शकतो, कारण मेंदूच्या पाण्याची वाट बंद करण्यासाठी तिथली चरबी वापरतात. त्यानंतरचे काही आठवडे नाक शिंकरायचे नाही, शौचाला जोर द्यायचा नाही, शिंक तोंड उघडून द्यायची. पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा पातळ थेंब गळला, त्याची चव घशात खारट लागली, किंवा तहान आवरेना आणि लघवी सतत होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात कळवावे. शस्त्रक्रियेनंतर दिलेली हायड्रोकॉर्टिझोनची गोळी संपली म्हणून स्वतःहून कधीही बंद करू नये.

एक डोळा झाकून दुसऱ्याने सरळ समोर पाहा आणि बाजूने येणारी बंडी किंवा माणूस वेळेवर दिसतो का, हे दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळे तपासा. बाजूचे दिसेनासे होत असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. अचानक तीव्र डोकेदुखी होऊन दिसणे कमी झाले, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो आणि तेव्हा थांबता येत नाही.

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा असून त्याला सिकलसेल आहे, कार्डावर एसएस लिहिले आहे. कंबर दुखते आणि डाव्या पायात जाते. सिकलसेल असलेल्याचे मणक्याचे ऑपरेशन होत नाही, असे सांगतात. (धानोरा, जि. गडचिरोली)

उत्तर : होते, पण त्याआधी दुखणे मणक्यातलेच आहे याची खात्री हवी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात (कार्डावर एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला) मणक्यांच्या हाडाचा रक्तपुरवठा अडून कंबर दुखते, आणि मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटला तर जांघेतून गुडघ्यापर्यंत दुखते. तेही लोक ‘नस’ म्हणूनच सांगतात. पाय आत-बाहेर फिरवताना जांघेत दुखत असेल तर आधी खुब्याचा एक्स-रे किंवा एमआरआय करा. दुखण्यासोबत ताप असेल तर हाडातील जंतुसंसर्ग, आणि संध्याकाळचा ताप व घटते वजन असेल तर मणक्याचा क्षयरोगही वगळावा लागतो. यांपैकी कशावरही गादीची शस्त्रक्रिया हा उपाय नाही.

गादीच दोषी निघाली, तर लहान छेदाचा खरा फायदा अशाच रुग्णाला होतो, कारण रक्त कमी जाते आणि तो लवकर चालू लागतो. भूलतज्ज्ञांना मात्र पहिल्याच भेटीत कार्ड दाखवा. उपाशी ठेवलेल्या काळात सलाइन चालू असणे, ऑपरेशन थिएटरमध्ये अंग गार न पडणे, प्राणवायू कमी न होणे आणि हिमोग्लोबिन आधी साधारण दहापर्यंत आणणे, या चार गोष्टींवर सगळे अवलंबून असते. त्याच्या भावंडांपैकी कोणाच्या कार्डावर एएस असेल, तर तो केवळ वाहक आहे आणि त्याला सहसा अशी अडचण येत नाही.

प्रश्न : एवढ्या खर्चाच्या शस्त्रक्रिया खेड्यातल्या माणसाने कुठे कराव्यात? (अनेक पत्रांतून)

उत्तर : नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे सुपरस्पेशालिटी रुग्णालय, मिहानमधील एम्स, सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय आणि सावंगी मेघे येथील रुग्णालय, ही नावे आधी विचारात घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदू आणि मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. काही शस्त्रक्रिया केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत, म्हणून भरती होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटून आपली शस्त्रक्रिया आणि तिथले रुग्णालय यादीत आहे की नाही, हे विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचे नाव जुळते का, हे घरीच पाहून घ्या. ‘रामभाऊ’ आणि ‘रामराव’ यांतल्या फरकापायी रुग्ण दोन दिवस व्हरांड्यात पडून राहिलेला मी पाहिला आहे. सोबत एमआरआयची फिल्म किंवा सीडी न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको, कारण सर्जन चित्र पाहून ठरवतो.

प्रश्न : माझे वय ५६ वर्षे आहे. आमच्या गावातील बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. माझी मान आणि पाठ काठीसारखी ताठ झाली आहे, चालताना पाय अडखळतात आणि शर्टाचे बटण लावता येत नाही. मानेत आणि छातीच्या मागे अनेक ठिकाणी मज्जारज्जू दबल्याचे निघाले. डॉक्टर मोठे ऑपरेशन सांगतात. दुर्बिणीतून करून देणारे कोणी सांगावे. (केळापूर, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या बाबतीत दुर्बिणीचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षे फ्लोराइडचे पाणी प्यायल्याने मणक्यांना जोडणारे अस्थिबंध हाडासारखे टणक आणि जाड होतात, आणि मज्जारज्जूची नळी एका जागी न आवळता लांबच्या लांब आवळली जाते. दोन सेंटिमीटरच्या नळीतून त्यातली एखादी जागाच मोकळी होईल. शिवाय हे हाड झालेले अस्थिबंध मज्जारज्जूवरच्या आवरणाला अनेकदा चिकटलेले असतात, आणि ते सोडवताना सर्जनला वरून, दोन्ही बाजूंनी, मोकळी जागा लागते. लांब छेदातून मणक्यांची मागील कमान काढून मज्जारज्जू मोकळा करणे आणि हाड हिऱ्याच्या टोकाच्या यंत्राने पातळ करत नेणे, हीच इथे सुरक्षित वाट आहे.

बटण लावता न येणे आणि पाय अडखळणे ही मज्जारज्जू दबल्याची खूण आहे. कमरेच्या गादीत थांबून पाहता येते, तसे इथे थांबता येत नाही, कारण गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नसते. शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू उरलेली ताकद टिकवणे हा आहे. दरम्यान मान मोडून घेणे, हाडवैद्याकडून झटका देऊन घेणे किंवा डोक्यावरून ओझे नेणे पूर्ण बंद करा. ताठ, अरुंद मानेत एका झटक्याने चारही हातपाय जाऊ शकतात.

पाणी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य मानले जाते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलांना उजेडात बसवून त्यांचे समोरचे दात पाहा. त्यांवर पांढरे, खडूसारखे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसले, तर त्यांच्यासाठी पाणी आजपासूनच दुसरीकडून आणा.